मालवणचं स्कूबा: पाण्याखालची बारा मिनिटं आणि एक बाटली पाव

वय 58, चष्मा उणे पाच, रक्तदाबाची रोज एक गोळी, पोहता येत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे माझ्यासारख्यांना पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. हायस्कूलात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, फळ्यावर प्रवाळाची चित्रं काढली, पण जिवंत प्रवाळ एकदाही पाहिलं नव्हतं. जानेवारीत पुतण्या म्हणाला, "काकू, चला." कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून दुपारच्या जेवणाला आम्ही मालवणात होतो.

दुकानाचं नाव लिहीत नाही. माणशी 1500 म्हणता म्हणता 1200 वर आलं, व्हिडिओ धरून. जेटीवर ताडपत्रीचा आडोसा म्हणजे कपडे बदलायची खोली. बायकांनी लॉजवरूनच आत पोहण्याचे कपडे घालून जावं. वेटसूट मात्र धुतलेला होता आणि त्याला वास नव्हता, ही मोठी गोष्ट. माझ्या मापाचा मिळायला तीन सूट चढवून उतरवावे लागले, चौथ्याची पाठीची चेन दोघांनी मिळून ओढली.

मग एक छापील कागद पुढे आला, "इथे सही करा." दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन असे सगळे प्रश्न त्यात आहेत, पण वाचायला वेळ कुणीच देत नाही. मी वाचला आणि रक्तदाबापुढे खूण केली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "लिहू नका, मग डॉक्टरचा कागद लागतो." माझ्याकडे तो कागद होता, म्हणून गेले. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी खरं लिहावं आणि किनाऱ्यावर सोलकढी पीत बसावं.

चष्म्याचं कुणी सांगत नाही ते सांगते. चष्म्यावर मास्क बसत नाही, काडी आडवी येते आणि पाणी शिरतं. नंबरचा मास्क त्यांच्याकडे एकच होता, उणे तीनचा. तोच घातला. पाण्याखाली तसंही सगळं थोडं मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे चाललं. होडीवर चष्मा ठेवायला डबी न्या. माझा कुणाच्या तरी ओल्या टॉवेलाखाली सापडला.

होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला थांबते. शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 या काळात बांधून घेतलेला किल्ला सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या भोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, हे आमच्या होडीतल्या चौदा जणांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. इथलं प्रवाळ अंदमानसारखं रंगीबेरंगी नाही. खडकाला धरून वाढलेले, मेंदूसारखे गोल, बदामी आणि हिरवट गोळे. गढूळ पाण्यातही तग धरणारी चिवट जात आहे.

माझा गाइड स्थानिक होता, तिशीच्या आतला. त्याला पैकीच्या पैकी गुण. सिलिंडरात ऑक्सिजन नसतो, आपली साधीच हवा दाबून भरलेली असते, हे त्याने न विचारता सांगितलं. श्वास रोखायचा नाही, विशेषतः वर येताना, कारण दाब कमी झाला की छातीतली हवा फुगते. आणि दर हातभर खाली गेल्यावर नाक दाबून हलकी फुंकर मारायची, कान दुखायची वाट बघायची नाही. होडीच्या शिडीला धरून कंबरभर पाण्यात त्याने मला दहा मिनिटं तोंडाने श्वास घ्यायला लावला. मी दोनदा खारं पाणी प्यायले. "काकी, घाबरू नकात, मी आसंय मां," एवढंच तो म्हणाला.

खाली गेलो. पाचेक मीटर असेल. पहिल्यांदा नजरेत भरलं ते माझं स्वतःचं बोट: नखाचं लालभडक पॉलिश विटकरी झालेलं. पाणी लाल रंग आधी खातं हे मी दरवर्षी आठवीला शिकवायचे. आनंदाने मी गाइडला अंगठा दाखवला. तो लगेच मला वर घेऊन आला. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ "वर चला" असा होतो. झकास म्हणायचं तर अंगठा-तर्जनीचं गोल करायचं. मिनिटभर वाया गेलं, पण चूक माझीच.

दुसऱ्यांदा उतरलो आणि तिथे मन खट्टू झालं. त्याने कमरेची प्लास्टिकची बाटली काढून माझ्या तोंडापुढे दाबली. भिजवलेला पाव. क्षणात काळ्यापिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा असा लोंढा आला की मागचं काही दिसेना. कॅमेरा सुरू. तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ फोटोसाठी एका मेंदूगोळ्यावर दोन्ही पाय रोवून उभे राहिले. तो दगड नाही, हजारो लहान जिवांची वसाहत आहे. वरचं मऊ आवरण सोललं की तिथे शेवाळ बसतं. कायद्याने 2001 पासून प्रवाळाला वाघाच्या यादीत बसवलंय, तुकडा घरी आणला तरी गुन्हा. पायांचं काय? काही होड्या तरंगत्या बोयाला बांधलेल्या होत्या, आमच्या तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, सरळ नांगर टाकला होता.

किनाऱ्यावर मालकाला विचारलं. त्याने चहा मागवला आणि खरं बोलला: "मॅडम, व्हिडिओत मासे नाही आले तर लोक पैसे परत मागतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तोपर्यंत तो पाववाला व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि नणंदेचे चार अंगठे आले होते.

पुतण्याला आता रीतसर शिकायचंय. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, संस्था आहे, तिथे आधी तलावात सराव करून घेतात. तो विचारून आलाय.

मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाइडकडे गेले, पुन्हा 1200 मोजून. सोमवार होता, होडीत चौघंच. "बाटली नको, पाय टेकायचे नाहीत, हलायचंही नाही," अशी अट घातली. तो हसला. खाली गेल्यावर बराच वेळ काहीच झालं नाही. मग आवाज आला, कुणी वाळलेला पापड चावावा तसा. पोपटमासा खडकावरचं शेवाळ खरवडत होता. आमच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

वर आल्यावर मी विचारलं, हा कालही होता का?

"ह्यो रोज हयसरच चरता," गाइड म्हणाला.

दुकानाला पाचपैकी तीन, गाइडला पाच. त्या दिवशीच्या व्हिडिओत हिरवं पाणी आणि माझे बुडबुडे आहेत.