थर्मोडायनॅमिक्स ऑनलाइन शिकताना: आठ महिने वापरून झाल्यावर लिहितेय

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं मत किती धरायचं ते तुम्हीच ठरवा. डिप्लोमा मेकॅनिकल करून लॅटरल एंट्रीनं डायरेक्ट तिसऱ्या सेमिस्टरला बीईला आले, कॉलेज बेळगावात, घर संकेश्वरजवळ, रोज लाल बसनं येणं-जाणं. दहावीपर्यंत मराठी मीडियम, डिप्लोमात निम्मं कन्नड निम्मं इंग्लिश. आणि व्हीटीयूच्या (आमचं विद्यापीठ) तिसऱ्या सेमला थर्मो, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स, उष्णता आणि काम यांचं शास्त्र, काय असतं ते इथल्या मेकॅनिकलच्या पोरांना सांगायला नको. पहिल्या वेळी माझा बॅक राहिला, म्हणजे नापास झाले. वर्गात स्लाइड वाचून दाखवायचे, शंका विचारली की पुढच्या तासाला बघू म्हणायचे, तो पुढचा तास कधी आलाच नाही.

रिझल्टनंतर मी एक पैसे भरून घ्यायचं ॲप घेतलं, तीन महिन्यांचं. नाव घेत नाही. त्यात सगळं आयडियल गॅसवरच (साध्या सूत्रात बसणारा कल्पनेतला वायू), फॉर्म्युला लिही, आकडे घाल, उत्तर आलं. स्टीमचा पार्ट जवळजवळ नव्हताच, आणि आपल्या पेपरला प्युअर सबस्टन्सवर (पाणी आणि त्याची वाफ वगैरे) एक अख्खं मोड्यूल असतं. तेव्हा पैसे भरायच्या आधी नुसतं एवढं बघा की त्या कोर्समध्ये स्टीम टेबल (कुठल्या प्रेशरला वाफेचं तापमान, उष्णता किती ते आकडे) उघडून किती प्रॉब्लेम सोडवलेत. हा एक निकष मी आता सगळीकडं लावते आणि त्यानं निम्मे कोर्स तिथंच गळतात.

मग फुकटातलं शोधायला लागले. सुरुवात खान अकॅडमीनं केली आणि ते बरोबर ठरलं असं अजूनही वाटतं. पिस्टनवर छोटे छोटे खडे ठेवलेत आणि एकेक खडा काढत जायचं, ते चित्र बघितल्यावर क्वासी-स्टॅटिक प्रोसेस (अगदी हळूहळू होणारा बदल) म्हणजे काय ते पहिल्यांदा डोक्यात बसलं, तोवर नुसती व्याख्या पाठ होती. पण ते फाउंडेशनपुरतं. टर्बाइन, नोझल, थ्रॉटलिंग व्हॉल्व्ह असलं आपल्याला लागणारं तिथं मिळणार नाही, तेव्हा दोन आठवड्यांच्या वर तिथं अडकू नका.

त्यानंतर मी एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरवर गेले आणि तिथं माझे दहा दिवस गेले, कोर्स वाईट म्हणून नाही, मला माहीत नव्हतं म्हणून. ५.६० नंबरचा थर्मोडायनॅमिक्स अँड कायनेटिक्स, २००८ चा, कीथ नेल्सन आणि मौंगी बावेंडी शिकवतात (बावेंडींना पुढं २०२३ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं). फळ्यावर खडूनं शिकवलेलं, नोट्स, प्रॉब्लेम सेट, उत्तरं, सगळं फुकट. पण तो केमिस्ट्रीवाल्यांचा कोर्स आहे! त्यांच्याकडं फर्स्ट लॉ (ऊर्जा टिकून राहते हा नियम) म्हणजे इंटर्नल एनर्जीतला बदल बरोबर क्यू (उष्णता) प्लस डब्ल्यू (काम), म्हणजे सिस्टीमवर केलेलं काम प्लस धरायचं. आपल्याकडं इंजिनिअरिंगला क्यू मायनस डब्ल्यू, सिस्टीमनं बाहेर केलेलं काम प्लस. दोन्ही बरोबरच आहेत. पण मी दिवसा वर्गात एक आणि रात्री मोबाईलवर दुसरं ऐकत होते, माझी सगळी चिन्हं उलटी यायला लागली आणि मला वाटलं मला मुळातच काही कळत नाही. कुठलाही कोर्स लावला की पहिल्या दोन लेक्चरमध्ये कामाचं चिन्ह काय धरलंय ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नवीन कुणालाही मी हेच पहिलं सांगते. एमआयटीचा कोर्स मी शेवटी एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली त्याचं माप) आणि गिब्ज एनर्जीसाठी (प्रक्रिया आपोआप होईल का ते सांगणारी) परत बघितला, तेव्हा मात्र फार आवडला.

माझं मुख्य काम झालं ते एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स असतात तिथं). तिथं थर्मोचे बरेच कोर्स आहेत, मी धरला तो आयआयटी खरगपूरचा, सुमन चक्रवर्ती आणि आदित्य बंडोपाध्याय यांचा कन्सेप्ट्स ऑफ थर्मोडायनॅमिक्स, १२ आठवड्यांचा. याच्यात मला जे सापडलं ते दुसरीकडं कुठंच नाही सापडलं: थिअरी झाली की प्रॉब्लेम, आणि प्रॉब्लेम सोडवताना आधी सिस्टीम कुठली, तिची बाउंड्री कुठून कुठं, आत काय येतंय बाहेर काय जातंय, आणि फॉर्म्युला एकदम शेवटी. मी आधी उलटं करायचे, प्रश्न वाचला की फॉर्म्युला शोधायचे. एक महिनाभर प्रत्येक गणिताला आधी तुटक रेघेनं बाउंड्री काढायची सवय लावली, हात आपोआप तिकडं जायला लागला, आणि तिथून मार्क वाढले.

एनपीटीईएलचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बघणं, शिकणं, असाइनमेंट सगळं फुकट. सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच परीक्षेचे १००० रुपये, आणि ती सेंटरवर जाऊन द्यायची. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ पैकी चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, त्यामुळं इंटर्नल्सच्या (कॉलेजातल्या चाचण्यांच्या) आठवड्यात एखादी चुकली तर घाबरायचं काही नाही. मी सांगेन की सर्टिफिकेट नको असलं तरी असाइनमेंट कराच. तारीख असली की माणूस बसतो. नुसती व्हिडिओची लिस्ट आपण ‘रविवारी बघू’ म्हणून ठेवून देतो, माझीच चार महिने तशी पडून होती.

आता स्टीम टेबलबद्दल लिहायचंय, मला सगळ्यात जास्त हेच लिहायचं होतं.

माझे पप्पा साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहेत. हंगाम सुरू झाला की तीन पाळ्या, घरी येतात तेव्हा अंगाला बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) वास. एका रात्री मी डेटा हँडबुक (स्टीम टेबलचं पुस्तक) उघडून बसले होते आणि सहज विचारलं, पप्पा तुमच्या बॉयलरचं प्रेशर किती? म्हणाले पंचेचाळीस किलो (चौरस सेंटीमीटरला, म्हणजे साधारण तितकेच बार). मी सॅच्युरेशन टेबलमध्ये (कुठल्या प्रेशरला पाणी किती डिग्रीला उकळतं ते) ४५ बारला बघितलं, २५७ डिग्री. म्हटलं पप्पा, तुमची वाफ २५७ ला असणार. तर ते म्हणाले, “अगं नाही, मीटरवर चारशे वीस असतंय की रोज.” मी परत बघितलं, टेबलमध्ये २५७ च. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या पुस्तकात डोकं घालून. मग त्यांनीच विचारलं, तुझ्या पुस्तकात सुपरहीटर आहे का? आणि मला एकदम लख्ख झालं. ड्रममध्ये २५७ लाच वाफ होते, ती पुढं सुपरहीटरच्या ट्यूबमधून जाऊन ४२० होते, म्हणून मागची सुपरहीटेड टेबल वेगळी दिलीय! ती पानं मी कधी उघडलीच नव्हती. पप्पा तीस वर्षं जे मीटरवर बघतायत ते माझ्या पुस्तकात आहे हे मला त्या रात्री समजलं.

दुसरी गोष्ट पण त्यांच्याकडूनच. टर्बाइनमधून बाहेर पडणारी एक्झॉस्ट स्टीम त्यांच्याकडं गेजवर दीड किलो असते. मी टेबलमध्ये १.५ बार बघितलं, १११ डिग्री आलं, ते म्हणाले नाही, सव्वाशेच्या वर असते. तर गेज प्रेशरमध्ये हवेचं प्रेशर मिळवायचं असतं, म्हणजे ॲब्सोल्यूट झालं अडीच बारच्या आसपास, आणि तिथं १२७ येतं. वर ४५ ला एक बार इकडंतिकडं झाला तर फारसा फरक पडत नाही, पण खाली दीडला सोळा डिग्रीची चूक. व्हिडिओत ‘गेज प्लस ॲटमॉस्फेरिक’ हे मी पन्नास वेळा ऐकलं होतं.

टेबल वाचायचा सराव पाहिजे असेल तर लर्नकेमई बघा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या, बोल्डरच्या लोकांचं आहे. छोटे छोटे व्हिडिओ, एका व्हिडिओत एकच गोष्ट, इंटरपोलेशन (टेबलमधल्या दोन आकड्यांच्या मधला आकडा काढणं) कसं करायचं, ड्रायनेस फ्रॅक्शन (ओल्या वाफेत खरी वाफ किती) कसा काढायचा. मी ते बसमध्ये बघायचे. तवंदी घाटाकडं किंवा गावाकडच्या रस्त्याला रेंज जाते तेव्हा आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा.

एन्ट्रॉपीसाठी येल विद्यापीठाच्या राममूर्ती शंकर यांची फिजिक्सची लेक्चर्स, २००६ ची, त्यातली शेवटची चार (२१ ते २४). मेकॅनिकलच्या सिलॅबससाठी नाहीत, पण फ्रेंच इंजिनिअर कार्नोनं १८२४ ला इंजिनाचा विचार कुठून सुरू केला आणि तिथून एन्ट्रॉपीपर्यंत कसं यायचं हे इतकं सलग दुसऱ्या कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. एका बैठकीत बघा, मध्ये तोडू नका.

कार्नोवरून आठवलं, बॅक राहिलेल्या पेपरात मी इंजिनाची एफिशियन्सी (१ वजा, थंड बाजूचं तापमान भागिले गरम बाजूचं) काढताना ३२७ आणि २७ डिग्री सेल्सिअस तसेच घातले होते, ९२ टक्के आली आणि मी तशीच लिहून आले. केल्विनमध्ये ते ६०० आणि ३००, उत्तर ५० टक्के. ९२ टक्के देणारं इंजिन जगात कुठं असेल का एवढा जरी विचार त्या दिवशी केला असता तरी पेन थांबलं असतं. खरगपूरच्या लेक्चर्समधून ही सवय लागली, उत्तर आलं की ते शक्य आहे का ते बघायचं.

भाषेबद्दल पण सांगते कारण आपल्या भागात हा प्रश्न खरा आहे. इंजिनिअरिंग लेव्हलचं थर्मो मराठीत पूर्ण शिकवलेलं मला पुरेसं मिळालं नाही. मी काय केलं तर वहीत डावीकडं इंग्लिश आणि उजवीकडं मराठीत, आपल्या बोलीत, एकेक ओळ लिहीत गेले. लेटंट हीट समोर ‘अप्रकट उष्मा’ लिहिलं आणि खाली मामाच्या गुऱ्हाळाचं लिहिलं. काहिलीत रस उकळायला लागेपर्यंत फार वेळ लागत नाही, खरं चिपाड जळतं ते नंतर, रस आटवताना. गणित केलं: एक किलो पाणी ३० वरून १०० डिग्रीला न्यायला साधारण २९३ किलोज्यूल, आणि त्याच किलोची वाफ करायला २२५७. ती सगळी वाफ गुऱ्हाळात वर आभाळात जाते. कारखान्यात तीच पहिल्या बॉडीतली (रस आटवायच्या बंद भांड्यातली) वाफ दुसऱ्या बॉडीतला रस उकळायला वापरतात, दुसरीत प्रेशर कमी ठेवलेलं म्हणून तिथं रस कमी डिग्रीला उकळतो. हे मामाला सांगितलं तर तो म्हणाला, मग आमच्याकडं असं का करत नाहीत? त्याला नीट उत्तर द्यायला मला अजून एक आठवडा लागला आणि त्या आठवड्यात मी जितकं शिकले तितकं एका अख्ख्या मोड्यूलमध्ये नसेन शिकले.

बॅक निघाला, ६४ पडले. एक सांगायचं राहिलं, अव्हेलेबिलिटी म्हणजे एक्सर्जीवर (ऊर्जेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल ते) मला अजून मनासारखं लेक्चर मिळालं नाही, दोन-तीन ठिकाणी बघितलं, फॉर्म्युला कळतो पण डेड स्टेट (भोवतालच्या हवेइतकंच तापमान आणि प्रेशर) का धरायची ते मनात बसत नाही. कुणी याच्यावर चांगलं काही बघितलं असेल, त्यातही स्टीम टर्बाइनचं गणित सोडवून दाखवलेलं, तर नक्की सांगा, पुढच्या सेमला अप्लाइड थर्मो आहे.