डोब्युटामिन की मिल्रिनोन?

हृदयाची पंपक्षमता ढासळलेल्या रुग्णाला हृदयाचे आकुंचन जोरदार करणाऱ्या या दोन औषधांपैकी कोणते सुरू करावे, असा प्रश्न अतिदक्षता विभागात नव्याने रुजू झालेल्या एका डॉक्टरने विचारला.

डोब्युटामिन हृदयातील बीटा ग्राहकांना (अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांना प्रतिसाद देणारे पेशींवरील रिसेप्टर) उत्तेजित करते, तर मिल्रिनोन त्या ग्राहकांना वगळून फॉस्फोडायएस्टरेज-३ हे विकर (एन्झाइम) रोखते; म्हणूनच आधीपासून बीटा-ब्लॉकर (हे ग्राहक अडवणारे औषध) घेणाऱ्या रुग्णातही त्याचा परिणाम टिकून राहतो.

माझ्या मते खरा फरक वेळेचा आहे. डोब्युटामिनचे अर्धायुष्य (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ) सुमारे २ मिनिटे असल्याने नाडी बेताल झाली तर ते थांबवताच परिणाम लवकर ओसरतो. मिल्रिनोनचे अर्धायुष्य २ तासांहून अधिक असून ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावल्यास रक्तात वाढणारा घटक) वाढलेल्या रुग्णात मात्रा कमी न केल्यास ते साचत जाते आणि रक्तदाब घसरतो. ही चूक सहज घडते, म्हणून मुद्दाम सांगतो.

अतालतेचा (हृदयाचे ठोके बेताल होण्याचा) धोका दोन्हींत आहे. खर्चाच्या बाबतीत डोब्युटामिन सहसा स्वस्त पडते.

कॅनडातील ओटावा येथे हृदयजन्य शॉकच्या (हृदय पुरेसे पंप न करू शकल्याने अवयवांना रक्त कमी पडण्याच्या अवस्थेतील) १९२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डोरेमी चाचणीत दोन्हींच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

रक्तदाब कमी, मूत्रपिंडे अशक्त किंवा परिस्थिती क्षणोक्षणी बदलणारी असल्यास डोब्युटामिन निवडावे. फुप्फुसांतील रक्तदाब वाढून हृदयाची उजवी बाजू थकलेली असेल किंवा बीटा-ब्लॉकर चालू असेल आणि रक्तदाब पुरेसा असेल, तर मिल्रिनोन अधिक योग्य ठरते.