पोटमाळ्याचा फॅन आणि न वाजलेला बीप

ज्यांच्या घरावर पत्रे आहेत त्यांनी हे वाचाच, उन्हाळ्यात तुमचाही नंबर लागू शकतो.

आमचं कोपरखैरण्याला सिडकोचं रो हाऊस, वर पत्रे टाकून पोटमाळा केलाय, तिथली गरम हवा बाहेर फेकायला एक्झॉस्ट फॅन आहे, थर्मोस्टॅटवर, म्हणजे ४० च्या वर गेलं की आपोआप सुरू. मार्चमध्ये तो फिरायचाच बंद झाला, नुसतं हूं हूं. मला वाटलं थर्मोस्टॅट गेला, पण अरे आवाज येतोय म्हणजे करंट पोचतोय ना, तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन कोकणातला, शिमग्याला गावी गेलेला (होळी ते पाडवा त्याला विसरायचंच), म्हणून नेटवर मिळालेल्या नंबरला फोन लावला. माणूस आला एकदम टापटीप, गळ्यात आयकार्ड. मल्टिमीटर (वायरी तपासायचं मीटर) काढला, दोन पिना एकमेकींना टेकवल्या, बीप वाजला. मग मोटरच्या वायरींना लावल्या, बीप नाही. "बघा सर, कॉइल जळाली." आता डोळ्यांनी बघितल्यावर मी काय बोलणार. मोटर घेऊन गेला, ३ दिवसांनी आणून बसवली, रिवाइंडिंगचे, म्हणजे कॉइल नव्याने गुंडाळायचे, २६०० आणि व्हिजिटचे ३५० वेगळे, सगळं यूपीआयवर, बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला, अजून पाठवतोय.

फॅन फिरला, खोटं कशाला बोलू. पण खडखड सुरू झाली. पाडव्यानंतर आमचा माणूस आला, बघतो तर एक बोल्ट लावलेलाच नाही. मोटर उघडली तर आत वाइंडिंग, म्हणजे कॉइल, जुनंच, काळपट वार्निश, कंपनीचा दोरा तसाच, वर धुळीचा थर. नवीन काय, तर फक्त कपॅसिटर, मोटरला फिरायला जोर देणारा छोटा पार्ट! शंभराच्या आत मिळतो. हूं हूं करतो पण फिरत नाही, ही बहुतेक वेळा कपॅसिटर गेल्याचीच खूण असते म्हणे.

मग मी बीपचं विचारलं. तो काही बोललाच नाही, आमचा चांगला चालू टेबल फॅन घेतला, प्लग काढून बटण दाबून ठेवलं आणि प्लगच्या पिनांना मीटर लावला, तिथेपण बीप नाही!! तो बीप रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) अगदी कमी असेल, बऱ्याच मीटरना ५० ओहमच्या आत, तरच वाजतो, आणि असल्या छोट्या मोटरची कॉइल धडधाकट असली तरी शंभरच्या वरच दाखवते. मीटर ओहमवर ठेवून आकडा बघायचा असतो, आकडाच आला नाही तर कॉइल तुटलेली. आणि खरंच जळाली असेल तर बहुतेक वेळा करपट वास येतो, आमच्याकडे धुळीशिवाय कसला वास नव्हता.

१९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार करायचीच आहे, पेमेंटचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. त्याआधी एकदा त्या माणसाला फोन केला. अगदी गोड आवाजात म्हणाला, "सर, वॉरंटी आहे ना, फक्त बिलाचा फोटो पाठवा."