लेसवाला चामडी ग्रोइन गार्ड: जाडी भरपूर, उंची नको तितकी

नाशिकमध्ये खेळाच्या दुकानात 'बॉक्सिंगचा गार्ड दाखवा' म्हटलं की काउंटरवर आधी क्रिकेटचा एल गार्ड येतो. तो तसाच परत करा. एल गार्ड समोरून एकदाच येणाऱ्या चेंडूसाठी बनवलेला असतो. ग्लोव्हचा ठोसा नुसता आपटत नाही, तो रेटतो. खालून अपरकट आला की एल गार्डचा कप फिरतो आणि त्याची प्लास्टिकची कड जांघेत रुतते. शिवाय ओटीपोट आणि कमरेची हाडं उघडीच राहतात ती वेगळी.

हा रिव्ह्यू आहे मेरठ बनावटीच्या, मागून लेस बांधायच्या चामडी गार्डचा. नाशिकच्या मेन रोड भागात किंमत १,६५० रुपये, माप मीडियम, म्हणजे कंबर ३० ते ३४ इंच. वजन ६०० ग्रॅमच्या थोडं वर.

आधी जमेची बाजू. पुढच्या भागात फोम जवळपास ४ सेंमी जाड आहे आणि तो दोन थरांत आहे: बाहेर कडक, आत मऊ. अंगठ्याने दाबला तर वरचा थर हळूहळू बसतो आणि सोडल्यावर लगेच वर येतो. स्वस्त गार्डमध्ये इथेच नुसता गादीचा स्पंज भरलेला असतो. तो दोन महिन्यांत चपटा होतो, मग ठोसा थेट कपावर बसतो आणि कप हाडावर. या गार्डच्या कपाला कडेने रबराची गोट आहे. घालून कपावर बोटांच्या पेरांनी टकटक करा: हादरा सगळीकडे सारखा पसरला पाहिजे. एखाद्याच बिंदूवर हाडाला टोचलं तर माप चुकलंय, सवय होईल असं समजू नका.

बाजूची पॅडिंग कमरेच्या हाडापर्यंत नीट जाते. डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, कोपराखालून आला की बहुतेक वेळा तिथेच घसरतो, त्यामुळे ही पॅडिंग शोभेची नाही.

खरी अडचण उंचीची आहे. पुढची पट्टी वरच्या कडेपासून कपाच्या टोकापर्यंत २९ सेंमी भरते. साडेपाच फुटांच्या मुलाने कप जागेवर बसवला की वरची कड बेंबीच्या दोन बोटं वर जाते. त्यावर शॉर्ट्‌स चढवली की शॉर्ट्‌सचा पट्टाही वर सरकतो. आणि रेफरी बघतो तो पट्टा.

नियमात पट्टा म्हणजे कापडाची पट्टी नव्हे. बेंबीपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत जाणारी काल्पनिक रेषा म्हणजे पट्टा. पण चालू लढतीत रेफरीला बेंबी दिसत नाही, शॉर्ट्‌सचं इलॅस्टिक दिसतं. म्हणून चांगला रेफरी घंटा होण्याआधी दोघांच्या शॉर्ट्‌सवर हात ठेवून सांगतो, इथवर चालेल, याच्या खाली नाही. बाकी वाद तिथून सुरू होतात.

असाच एक वाद: २६ ऑगस्ट २०२३, पोलंडमधलं व्रोत्सवाफ शहर, हेवीवेट किताबाची लढत. पाचव्या फेरीत डॅनियल डुबॉइसचा उजवा ठोसा ओलेक्सांद्र उसिकच्या शॉर्ट्‌सच्या पट्ट्याच्या आसपास बसला आणि उसिक खाली गेला. रेफरी लुइस पाबोनने तो कंबरेखालचा ठरवला. उसिकला सावरायला पाच मिनिटांपर्यंत मुभा होती, त्यातली जवळपास पावणेचार त्याने घेतली आणि नवव्या फेरीत नॉकआउटने जिंकला. डुबॉइसच्या गोटाचं म्हणणं, ठोसा पट्ट्यावर होता, नॉकडाउन धरून रेफरीने दहापर्यंतची मोजणी सुरू करायला हवी होती. एकच चित्र थांबवून पाहिलं तर दोन्ही बाजूंचे लोक आपापलं सिद्ध करतात, कारण शॉर्ट्‌स कुठे होती आणि बेंबी कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

उलटी चूक १३ ऑगस्ट २०११ ला लास व्हेगासमध्ये झाली. अकराव्या फेरीत अबनेर मारेसचा ठोसा जोसेफ अग्बेकोच्या पट्ट्याखाली स्पष्ट लागला, पण रेफरी रसेल मोराने तो नॉकडाउन धरून मोजणी केली. टीव्हीवर संथ गतीत सगळ्यांना दिसलं; रिंगमध्ये निकाल तोच राहिला. आयबीएफ या बॉक्सिंग संघटनेने पुढे पुन्हा लढत लावली, डिसेंबरमध्ये ती मारेसनेच जिंकली. तिथे शॉर्ट्‌सच्या उंचीचा दोष नव्हता, नजरेचा होता. पण नजर चुकते हे धरूनच गार्ड निवडायचा असतो.

म्हणून उंच गार्ड दोन्हीकडून अंगाशी येतो. तुमच्या पोटावर स्वच्छ बसलेले ठोसे रेफरी 'लो' म्हणजे पट्ट्याखालचे म्हणतो, तर समोरच्या बॉक्सरची माणसं तक्रार करतात. पुढच्या वेळी रेफरी आधीच तुमची शॉर्ट्‌स खाली गुंडाळून घेतो आणि गार्डची कड उघडी पडते. शिवाय वाकताना ही कड खालच्या फासळ्यांना रेटते, तिसऱ्या फेरीपासून श्वास तोकडा पडतो. डकिंग करणाऱ्याला, म्हणजे खाली वाकून ठोसा चुकवणाऱ्याला, हे पहिल्या दिवशी कळतं.

मग गार्ड नसला तर? व्यावसायिक लढतींच्या युनिफाइड नियमांत ठोसा चुकून खाली लागला तर पाच मिनिटं मिळतात. त्यात उभा राहिला नाही तर ज्याला लागलं तोच टीकेओने (टेक्निकल नॉकआउटने) हरतो. पूर्वी उलटं होतं: १२ जून १९३० ला न्यूयॉर्कमध्ये मॅक्स श्मेलिंग चौथ्या फेरीत जॅक शार्कीचा ठोसा खाली लागला म्हणून मॅटवर पडून हेवीवेट विजेता झाला. आता तसं पडून किताब मिळत नाही. मारणाऱ्याला सूट आहे असंही नाही. १९९६ मध्ये आंद्रे गोलोता रिडिक बोविरुद्ध दोन्ही लढतींत गुणांनी पुढे असताना पट्ट्याखाली मारत राहिल्यामुळेच बाद झाला. पण त्या वेळी मार खाणाऱ्याला उभं ठेवतो तो गार्डच.

बांधायची पद्धत. आत घट्ट लायक्रा, गार्डच्या पायपट्ट्यांतून पाय घालून आधी कप बसवा, थोडं पुढे वाका, मगच मागची लेस. खालची भोकं घट्ट, वरची दोन जरा सैल. सगळी सारखी आवळली तर गार्ड वर चढतो. गाठ आत खोचून वर चिकटपट्टी मारा. मग दोन्ही अंगठे वरच्या कडेत घालून खाली दाबा; बोटभरापेक्षा जास्त सरकला तर पुन्हा बांधा. दहा उठाबशा काढून परत तपासा. लेस मागे असल्याने हे काम एकट्याने होत नाही. एकट्याने सराव करणाऱ्याने बकलवाला घ्यावा, मात्र घामाने भिजल्यावर बकलचा पट्टा सुटतो हे लक्षात ठेवून.

कड जास्तच वर येत असेल तर नाशिकच्या भद्रकालीतला एखादा बॅगा शिवणारा कारागीर वरची पायपिंग (कडेची गोट) उसवून ३ सेंमी फोम काढून नायलॉनच्या दोऱ्याने परत शिवून देऊ शकतो. कपाजवळच्या शिवणीला हात लावू देऊ नका. असा गार्ड स्पारिंगपुरता, म्हणजे सरावाच्या लढतींपुरता ठेवा. स्पर्धेच्या तपासणीत बदललेलं साहित्य नाकारलं गेलं तर भांडायला जागा नाही.

नाशिकच्या पावसाळ्यात चामडं बॅगेत राहिलं की आठवड्यात पांढरी बुरशी धरते. ओल्या फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, पंख्याखाली वाळवा. मशिनमध्ये नाही, उन्हात नाही, गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही.

मुलींसाठी हा गार्ड चालणार नाही. त्यांच्या गार्डचा आकार वेगळा असतो आणि तो बहुधा मागवूनच घ्यावा लागतो.

उंची पाच फूट नऊच्या वर असेल तर मीडियम बिनधास्त घ्या, या किमतीत एवढा फोम सहज मिळत नाही. त्याखाली असाल तर स्मॉल मागवा. त्याची पट्टी २६ सेंमी आहे. लेस कंबरेला ३२ इंचांपर्यंत पुरते. दुकानात कपड्यांवरूनच का होईना, घालून, बेंबीवर बोट ठेवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वापरलेला गार्ड कोणी बदलून देत नाही.