स्पेसन्यूज की आर्स टेक्निका: रोज कोणतं वाचावं?

अवकाश उद्योगाच्या बातम्यांसाठी रोज एकच ठिकाण उघडायचं, तर माझ्यापुरती शेवटी ही दोनच नावं उरली: अवकाश उद्योगाला वाहिलेलं स्पेसन्यूज आणि तंत्रज्ञानाच्या बातम्यांचं संकेतस्थळ आर्स टेक्निका, म्हणजेच आर्स. दोन्हीकडचे पत्रकार मुरलेले आहेत. स्पेसन्यूजमध्ये जेफ फाउस्ट, तर आर्सकडे एरिक बर्गर आणि २०२३ पासून स्टीफन क्लार्कही. वेगाचं म्हणाल तर उन्नीस-बीस.

स्वतंत्र कोण, याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. स्पेसन्यूज १९८९ पासून याच धंद्याचं पत्र आहे. ज्या कंपन्यांच्या बातम्या, त्यातल्याच काहींच्या जाहिराती. आर्स २००८ पासून काँडे नास्ट या बड्या प्रकाशनगृहाच्या मालकीचं, पण त्याची चूल रॉकेटवाल्यांच्या जाहिरातींवर पेटत नाही. या मुद्द्यावर आर्सचं पारडं थोडं जडच म्हणायला हवं.

माझं घोडं अडलं ते निनावी सूत्रांपाशी. बोइंगच्या बिघडलेल्या स्टारलायनर यानाचं प्रकरण आठवा. त्यातून गेलेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून परत आणण्याची शक्यता वाढतेय, हे बर्गर यांनी ऑगस्ट २०२४ च्या सुरुवातीलाच आतल्या सूत्रांच्या हवाल्याने लिहिलं होतं. ७ ऑगस्टच्या पत्रकार परिषदेत नासाने तो पर्याय खुला असल्याचं मान्य केलं आणि २४ तारखेला तसाच निर्णय जाहीर केला. बर्गर बरोबर ठरले, यात वादच नाही. आणि नाव छापलं तर नोकरी जाईल अशा माणसाला दुसरी वाट तरी कुठली?

पण वाचक म्हणून मी काय करू? गटात बातमी टाकली की पहिला प्रश्न येतो, ‘कोण म्हणालं?’ ‘सूत्रं’ म्हटलं की चर्चा तिथेच संपते. फाउस्ट यांच्या बातमीत कोण बोललं, कुठल्या परिषदेत, कुठल्या तारखेला, हे बहुतेक वेळा वाक्यातच असतं. शंका आली तर त्या परिषदेचं ध्वनिमुद्रण किंवा संसदीय सुनावणीची नोंद काढून स्वतः ऐकता-वाचता येते. मी अधूनमधून तसं करतोही, आणि नेमका शब्द तिथे सापडला की बरं वाटतं. वाचायला मात्र हे सगळं जरा कोरडं, हे खरं. बर्गर गोष्ट सांगतात, फाउस्ट इतिवृत्त लिहितात.

निनावी सूत्राची धास्ती आपल्याकडे तर जास्तच असावी. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला आणि दोनच दिवसांत इस्रोतल्या एका अधिकाऱ्याच्या हवाल्याने ‘विक्रम अखंड आहे, फक्त कलंडलाय’ असं सगळीकडे झळकलं. डिसेंबरमध्ये नासाने विखुरलेल्या अवशेषांची छायाचित्रं प्रसिद्ध केली. पहिला तुकडा हेरला होता चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांनी. त्या अधिकाऱ्याचं नावच छापलेलं नव्हतं, मग जाब विचारायचा कुणाला? यात स्पेसन्यूज-आर्सचा काही संबंध नाही, पण तेव्हापासून नाव नसलेलं विधान दिसलं की मी सावरून बसतो.

तुमची आवड वेगळी असू शकते. आत काय शिजतंय याचा वास आधी हवा असेल, तर आर्स घ्या. मी रोज उघडतो ते स्पेसन्यूज. आर्सचा ‘रॉकेट रिपोर्ट’ आठवड्यातून एकदा येतो, तेवढा चुकवत नाही.