रंगीत टर्की आणि रंगाची हमी देणारी दोन पानं

गोव्यात टर्की म्हटलं की नाताळचं जेवण. पोर्तुगीजमध्ये या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात, तेव्हा ‘पेरू भाजलाय’ ऐकून मराठी पाहुण्यानं फळ समजू नये. डिचोलीजवळच्या या पैदास केंद्रात मात्र टर्की वाढते ती रंगासाठी: ब्रॉन्झ, नॅरागॅन्सेट, स्लेट, थोडी बर्बन रेड. मागणी आधी नोंदवायची, 30 टक्के विसार द्यायचा आणि दोन पानी करारावर सही करायची. पक्षी देखणे आहेतच, पण खरी पारख त्या दोन पानांची करायला हवी.

करारात पिल्लाच्या रंगाची हमी नाही, आई-बापाच्या रंगाची आहे, आणि तेच बरोबर आहे. नॅरागॅन्सेटचं पाहा. ब्रॉन्झच्या तांबूस झळाळीच्या जागी राखाडी पट्टे आणणारा हा गुण अप्रभावी, शिवाय लिंगाशी जोडलेला: मादीत त्याची एक प्रत पुरते, नरात आई-बाप दोघांकडून यावी लागते. नॅरागॅन्सेट नर आणि शुद्ध ब्रॉन्झ मादी जुळवली की सगळ्या मादी-पिल्लांवर नॅरागॅन्सेट रंग उतरतो आणि नर-पिल्लं ब्रॉन्झ दिसतात. जोडी उलटी केली तर सगळीच ब्रॉन्झ; फक्त नर तो गुण आत लपवून नेतात. म्हणून नॅरागॅन्सेट दिसणारी मादी तिच्या आईबद्दल काहीच सांगत नाही, नर मात्र दोघांबद्दल सांगतो. इथे पायातल्या कड्यावरचा नंबर पिंजऱ्याच्या वहीशी जुळतो, त्यामुळे हे ताडून पाहता येतं.

स्लेटचा, म्हणजे निळसर राखाडी रंगाचा, गुण प्रभावी आहे; एक प्रतही पुरते. तरी काळ्या रंगावरच्या जोडीत दोघांकडे त्याची एकच प्रत असेल, तर सरासरी चारांत एक पिल्लू काळं निघतं. करारात ही शक्यता सरळ लिहिली आहे आणि काळ्या पिल्लांचा दर कमी आहे. फसवणुकीच्या बहुतेक तक्रारी अशा कलमानं सुरू होण्याआधीच मिटतात.

सगळ्यात मोलाचं कलम नर बदलण्याबद्दलचं. टर्की मादीच्या शरीरात नराचं बीज कित्येक आठवडे टिकतं. नर बदलला आणि पंधरवड्यात गोळा केलेली अंडी नव्या जोडीची म्हणून उबवली, तर बाप आधीचा असू शकतो. इथे नर बदलल्यापासून सहा आठवड्यांत गोळा केलेली अंडी पैदाशीसाठी विकत नाहीत. याहून जास्त थांबलं तर उत्तम, पण इतकं लेखी देणंही क्वचितच दिसतं.

आता उणिवा. पिल्लू मेलं तर भरपाई फक्त पहिल्या 48 तासांपुरती आहे, हे तोकडं. नवजात पिल्लू पोटातल्या बलकावर दोन-तीन दिवस तग धरतं. दाणापाणी ओळखता आलं नाही तर ते चौथ्या दिवसानंतर मरतं, म्हणजे मुदत संपल्यावर. पिल्लं आणल्याबरोबर प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवून दाखवा, खाद्यात 28 टक्के प्रथिनं ठेवा, पहिल्या आठवड्यात ऊब 35 अंश आणि पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. पावसाळ्यात भुसा ओला राहिला की कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग ठरलेला. कोंबड्या फिरलेल्या जागेत टर्की सोडूच नका. कोंबड्यांच्या जंतांमधून ब्लॅकहेड हा टर्कीला जीवघेणा रोग येतो. करारपत्रासोबत याची एक चिठ्ठीही मिळत नाही, तेवढं नक्की खटकतं.

पिल्लं नर-मादी न निवडता विकतात. एक नर, दोन माद्या एवढीच गरज असेल तरी सहा पिल्लं घ्या: किमान तेवढी जुळणी व्हायची शक्यता 64 पैकी 56. चार घेतलीत तर 16 पैकी 10.

विसाराचा हिशेब स्वच्छ आहे. उबवणी फसली तर यादीचा क्रम मोडत नाहीत किंवा जास्त पैसे देणाऱ्याला पिल्लं वळवत नाहीत. विसार परत किंवा पुढच्या उबवणीत जागा. खरेदीदारावरही बंधन आहे: मिश्र संकराची पिल्लं केंद्राच्या नावानं विकायची नाहीत. अनेक जण सही करताना हे वाचतही नाहीत.

बिलावर नुसतं ‘टर्की पिल्लं’ लिहून घेऊ नका. ‘नॅरागॅन्सेट नर व मादी यांची पिल्लं’, पिंजऱ्याचा क्रमांक आणि उबवणीची तारीख हवी. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 15 नुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळावा लागतो. भरपाईची मुदत सात दिवस करून मागायची असेल तर ती विसार देण्याआधीच, त्याच पानावर हातानं लिहून दोघांच्या सह्यांसह घ्या.