फाटलेली वंशावळ आणि पंचवटीतले बाइंडर

माझा धाकटा भाऊ आयर्लंडात, लिमरिकला असतो. त्याने ब्रायन बोरू राजाच्या घराण्याची मोठ्या कागदावर छापलेली वंशावळ पाठवली होती. शाळेत इतिहास शिकवला असल्याने मी ती दर आठवड्याला उघडायची. शेवटी घडीवर फाटली, तीही ब्रायनच्या नावाखालीच. दोन चिटोरे सुटून हातात आले.

मेन रोडवरच्या एका दुकानदाराने सरळ लॅमिनेशन करा म्हटलं. मी पंचवटीतल्या बाइंडर काकांकडे गेले. ते तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या बांधतात.

दोन्ही चिटोऱ्यांवर एकच नाव, टर्लो! काका म्हणाले, "ताई, यातला कुठला कुठे, ते कळल्याशिवाय मी खळ लावणार नाही." मग मी सांगितलं. ब्रायन १००२ मध्ये आयर्लंडचा महाराजा झाला. २३ एप्रिल १०१४ रोजी, गुड फ्रायडेला, डब्लिनजवळ क्लॉन्टार्फची लढाई त्याच्या सैन्याने जिंकली, पण तो, मुलगा मुरखाद आणि मुरखादचा मुलगा टर्लो असे तिघे त्याच दिवशी मारले गेले. हा पहिला टर्लो. ब्रायनच्या मागे उरलेल्या डोनखाद आणि टायग या मुलांत भाऊबंदकी माजली. १०२३ मध्ये डोनखादने टायगला मारवलं. पुढे टायगच्या मुलाने, म्हणजे दुसऱ्या टर्लोने, १०६३ मध्ये काकाला गादीवरून हाकललं. तो काका रोमला गेला आणि तिथेच वारला. राघोबादादांच्या आनंदवल्लीच्या नाशिकला काका-पुतण्याचं वैर काय समजावून सांगायचं? बाइंडर काका मान हलवत ऐकत होते.

त्यांनी भिंगातून चिटोऱ्यांच्या कडेचे धागे मूळ कागदाशी जुळवले. मुरखादखाली पहिला टर्लो, टायगखाली दुसरा. पाठीमागून पातळ जपानी कागद लावला, नव्या घड्या अशा पाडल्या की एकही नाव घडीवर येत नाही. ब्रायनच्या खालची रेघ इतकी सरळ जुळली आहे की बोट फिरवल्यावरच जोड कळतो.

पाच दिवस सांगून अकरा लागले, आणि त्यांनी फोन केला नाही. हे मला आवडलं नाही. पैसे साडेचारशे झाले, त्यात कापडी पुठ्ठ्याची पेटीही आली. कुणाकडे जुनी पत्रिका, सनद, वंशावळ असेल तर खुशाल न्या, पण सकाळी अकराच्या आत. दुपारी ते दुकान बंद ठेवतात.